गोपिकाच्या पोटातला ताप

नागपूर, १२ ऑक्टोबर १९५४

तीर्थरूप मायच्या पायावर खुशालचं डोकं.

आपली गोपिका बरी आहे. ताप उतरला. आता मले ओळखते, दादा म्हणते.

इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं. मुदतीचा ताप निघाला, टायफाईड म्हणतात तो; पागलपण नाई. मी विचारलं, "बाई, बिमारी पोटातली, मंग पोरीले भिंतीतून आवाज काऊन येत होते?" त्या म्हणाल्या, "जंतू आतड्यात वाढतात, पण त्यांचं विष रक्तातून डोक्यापर्यंत जातं. ताप गेला की आवाजही जातील." नव्या दवाईनं तसंच झालं.

काल तिनं पेज मागून घेतली. केस लय गळून राह्यले. बोलता बोलता कधी थांबते अन् भिंतीकडे पाह्यते. बाई म्हणतात, अशक्तपणा आहे. मीही तेच धरून चालतो.

काकाची तब्येत कशी आहे? गोपिकाच्या होणाऱ्या सासरचं कोणी अल्लीपूरले आलं, तर मुदतीचा ताप होता एवढंच सांगजो.

तू भाकर वाढत होती तवा "जहर देते" म्हणून ती तुह्या हाताले चावली, हे तिले आठवत नाई. मी सांगितलं नाई. रोज विचारते, "माय काऊन नाई आली?" मी म्हणतो, वावरातले वांगे तोडाले आले, म्हणून.

हाताची जखम भरली असन तर एकदा येजो. भेव वाटलं तर मी तुमच्या दोघींच्या मधात बसीन.

तुह्या वाटेवर डोळे लावून,
खुशाल