खड्ड्यावरची मशीन

सोमवार, १४ जानेवारी १९५७. संक्रांत.

आजपासून रोजनिशी. शुद्ध भाषेत. ज्याला प्रोप्रायटर व्हायचे आहे त्याने मले-तुले लिहू नये, असे माझे मत आहे. मॅट्रिकचा एक पेपर सोडला तर माझे शिक्षण पूर्ण आहे.

संकल्प: पान बंद, चहा एक वेळ. तिळगूळ खाल्ल्यावर पान लागतेच, म्हणून पान उद्यापासून.

परिस्थिती अशी. गिरणीच्या पातळांनी आम्हा कोष्ट्यांच्या लुगड्यांची पार वाट लावली. सूतवाले गुलाबचंद शेठ आता महिन्याला चार लुगड्यांचे सूत देतात, तेही तोंड वाकडे करून. बाप मरेपर्यंत मागावर बसला. मी बसणार नाही. माझी बायको कुसुम उमरेडला बहिणीकडे शिवण शिकून आली आहे, हात सफाईदार आहे. सीताबर्डीवर गिरिधर शेठच्या दुकानात पायाची मशीन महिन्याच्या हप्त्याने मिळते. रोजचे फक्त सहा आणे. पान, चहा आणि टॉकीज सोडली की निघते.

कुसुमला सांगितले. ती म्हणे, अजी, तुमचं पान न् चहा मिळून सहा आणे होतच नाही, मंग सोडून निघन कसे?

बायकांना इन्स्टॉलमेंट समजत नाही.

गुरुवार, १७ जानेवारी.

मशीन आली! ठेल्यावर. सारा कोष्टीपुरा पाहून राहिला होता. (शुद्ध: पाहत होता.)

डिपॉझिट म्हणून शेठने माग घेतला. याला एक्सचेंज म्हणतात. माग उचलताना कुसुम आत निघून गेली. माझ्या जन्माच्या दिवशी बापाने मागाच्या खांबावर विळ्याने एक खूण केली होती, तीही गेली. भावनेत धंदा होत नाही. मागाखालचा पाय सोडायचा खड्डा तेवढा घरात राहिला. त्यावर फळ्या टाकून मशीन ठेवली. छान दिसते.

कागद चार पानी, इंग्रजीत. मी मधले पान वाचले आणि सही केली. दुकानाचे वसुलीवाले नत्थूजी समजावून सांगत होते की शेवटचा हप्ता जाईपर्यंत मशीन दुकानाची, तुम्ही भाडेकरी, दोन हप्ते चुकले की मशीन परत. मी हसलो. कोष्ट्याला उधारी शिकवता? गुलाबचंद शेठची बाकी आमच्याकडे आजोबांपासून आहे. शेठ मागतात, आपण पोळ्यापर्यंत देतो म्हणतो. पोळा आला की दिवाळी म्हणतो. मध्ये दसऱ्याला मागाच्या पूजेचा नारळ शेठच पाठवतात. बाकी फिटत नाही आणि मागाला कोणी हात लावत नाही. अशी असते उधारी.

कुसुमने कोळशाने भिंतीवर हिशेब केला. म्हणे, इतक्या पैशात तर दोन मशिनी येतात. मी म्हटले, येतात, पण एकदम पैसे देणाऱ्याला येतात. यावर तिने कोळसा खाली ठेवला. म्हणजे पटले.

रविवार, ३ फेब्रुवारी.

बोर्ड रंगवून आणला. कुसुम टेलरिंग हाऊस, प्रो. जागेश्वर. प्रो. लाल रंगात. बोर्डाचे पैसे हप्त्यातून घेतले. जाहिरात केल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही.

कुसुमने दोन दिवसांत पाच पोलकी शिवली. मशीनवर बसली की हसते. लग्नाला आठ वर्षे झाली, ही अशी हसते हे मला माहीत नव्हते.

मला मशीन चालवता येत नाही, म्हणून मॅनेजमेंट पाहतो.

सोमवार, ११ मार्च.

नत्थूजी आले. अर्धा हप्ता दिला, बाकीचा होळीनंतर म्हटले. चहा पाजला. त्यांनी काहीतरी लिहून घेतले आणि दंड लागेल म्हणाले. निघताना छत्री उघडून थांबले. म्हणे, जागेश्वर, हप्ता चुकवू नको गा, मले तुह्या दारात ठेला आणाले लावू नको.

किती आपलेपणा! माझी पत त्यांच्या लक्षात आली आहे.

मंगळवार, २ एप्रिल.

कालपासून नवे पैसे. आण्याचे किती, हे दुकानागणिक वेगळे. हिशेब नीट बसेपर्यंत हप्ता न देणे सुरक्षित. कुसुम म्हणे, गिरिधर शेठचा हिशेब बसला असन जी.

शुक्रवार, १७ मे.

लगनसराई. कुसुम पहाटेपासून मशीनवर. दोन्ही पाय सुजले आहेत. तुंबलेले सगळे हप्ते दंडासकट फेडले! मी स्वतः दुकानात नेऊन दिले. गिरिधर शेठ खुर्चीवरून उठले. म्हणाले, तुमची पत झाली. आणि ठोक्याचे भिंतीचे घड्याळ दिले, रोख काही न घेता, त्याच कागदावर चढवून. टेलरिंग हाऊसमध्ये घड्याळ लागतेच.

कुसुमने घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाली, मी पायाले लावाले तेल आणा म्हटलं होतं.

विसरलो. उद्या आणतो.

शनिवार, १८ मे.

तेल राहिले.

मंगळवार, १६ जुलै.

पाऊस. कोणी काही शिवत नाही. जूनचा हप्ता गेला नाही, जुलैचाही जाणार नाही. त्यात आता घड्याळाचा वेगळा. घड्याळ तासातासाला ठोके देते आणि प्रत्येक ठोक्याला कुसुम माझ्याकडे पाहते. घड्याळ बंद केले.

पान आजपासून खरेच बंद.

शुक्रवार, ९ ऑगस्ट.

देव पावला! मुलींच्या शाळेची ऑर्डर. चाळीस फ्रॉक, कापड शाळेचे, गॅदरिंगसाठी, एकतीस तारखेला द्यायचे. कुसुम स्वतः शाळेत जाऊन मोठ्या बाईंना आपले शिवण दाखवून ऑर्डर घेऊन आली. या पैशात सगळी बाकी, दंड, घड्याळ, सगळे एका झटक्यात साफ.

नत्थूजी सकाळीच येऊन गेले. मी म्हटले, पोळ्यापर्यंत देतो. ते म्हणाले, बरं, पोळ्यापर्यंत थांबवतो शेठले, त्याच्यापुढं माह्या हातात नाही.

कुसुमने बोटांवर मोजले. म्हणे, पोळा पंचवीसले, फ्रॉक एकतीसले. मधल्या दिवसाचं काय? मी समजावले, अवं, पोळ्यापर्यंत म्हणजे दिवाळी. साऱ्या कोष्टीपुऱ्याला माहीत आहे. ती म्हणे, कोष्टीपुऱ्याले माहीत आहे जी, सीताबर्डीले कुठं माहीत आहे? एक डाव जाऊन सांगून या ना, सहाच दिवस मागा.

जाईन म्हटले. प्रोप्रायटरने सहा दिवसांसाठी हात पसरणे बरे दिसत नाही, पण जाईन.

बुधवार, १४ ऑगस्ट.

दुकानात गेलो नाही. उद्या झेंडावंदन, शेठ गडबडीत असतील.

मंगळवार, २० ऑगस्ट.

गेलो. दुकानात गर्दी होती. समोरच्या ठेल्यावर पान खाऊन परत आलो. कुसुमने विचारले, भेट झाली का जी? मी म्हटले, काळजी करू नको. हे खोटे नाही.

बारा फ्रॉक तयार.

सोमवार, २६ ऑगस्ट. सकाळ.

काल पोळा झाला. कोणी आले नाही. म्हटले नव्हते? आज मारबत. इडापिडा घेऊन जा म्हणत तिचा पुतळा गावाबाहेर नेऊन जाळतात, त्या मिरवणुकीला जाऊन येतो. कुसुम म्हणे, आज नका जाऊ, घरी थांबा. पण मारबतीला न जाणारा माणूस नागपूरचा कसला! यंदा मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडणार आहे, हप्ते-दंड घेऊन जा गे मारबत.

तोच दिवस. दुपार.

मशीन नाही. फळ्या आहेत.

नत्थूजी दोन माणसं न् ठेला घेऊन आले. कुसुमले म्हणे, बाई, पोळा काल झाला. ती म्हणे, मालकाले येऊ द्या. त्यानं विचारलं कुठं गेले, तर मारबतीले. नत्थूजी तासभर दारात बसून राहिले माह्यासाठी. त्यानं पाणीही घेतलं नाही. मी त्या तासात बुधवारीच्या बाजारात भजे खाऊन राहिलो होतो. ओरडून ओरडून गळा बसला होता माहा.

ते बावीस फ्रॉक घेऊन जा, पण मशीन पाच दिवस ठेवा, असं म्हणे कुसुम. नत्थूजी म्हणे, मले फ्रॉक घेता येत नाही बाई, मले मशीन घेऊन याले सांगतलं आहे. सुईखाली तेविसावा होता. त्यानंच धागा तोडला न् कापड तिच्या हातात दिलं.

हे शुद्ध नाही. नसू दे.

मंगळवार, २७ ऑगस्ट.

गिरिधर शेठकडं गेलो. आज गर्दी नव्हती. शेठ गोड बोलले. आजपर्यंत दिले ते पैसे भाडं झालं. माग डिपॉझिट होता, तो दुकानाचा झाला. मी म्हटलं, शेठजी, पाच दिवस. ते म्हणे, कागदावर पाच दिवस कुठं आहे? मी म्हटलं, तुम्ही तर उठून उभे राहिले होते! ते म्हणे, मी सगळ्याइले उठून उभा राहतो.

घड्याळही त्याच कागदावर आहे, तेही आणून द्या म्हणे.

नेऊन दिलं.

शनिवार, ३१ ऑगस्ट.

कुसुम पाच दिवस हातानं शिवत होती. मीही शिवून पाहिलं, तिनं माहे टाके उसवले. तीस झाले, दहा राहिले. शाळेतल्या बाईनं हाताच्या टाक्याचे फ्रॉक बाजूले काढले. म्हणे, शिवण चांगलं आहे, पण मशीनचं ठरलं होतं. बावीसचे पैसे मिळाले, त्यातून राहिलेल्या कापडाचे कापून घेतले. उरले ते किराण्यात गेले.

कुसुमच्या बोटाले सुया टोचून टोचून घट्टे पडले. तिनं रोजच्यासारखं ताट वाढलं. बोलली असती तर बरं झालं असतं. मले आज रडू आलं. ती कूस वळवून झोपली होती, का जागी होती, माहीत नाही.

रविवार, १५ सप्टेंबर.

गुलाबचंद शेठकडं गेलो. आठ महिन्यांनी. म्हणे, सूत देतो, बापाची ओळख आहे. माग कुठं आहे? सांगतलं. शेठनं टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. म्हणे, मागच गेला तर सूत कशावर देऊ गा? आधी माग आण.

गिरिधर शेठच्या व्हरांड्यात आहे. मी पाहिला. विकला नाही गेला. कोण घेईन आता?

गुरुवार, ३ ऑक्टोबर. दसरा.

माग घरी आला. नत्थूजीच घेऊन आले ठेल्यावर. हप्त्यानं. जितक्यात डिपॉझिट धरला होता, त्याच्या तिप्पट भरायचे आहे. कागद तोच, चार पानी. यावेळी मधलंही पान नाही वाचलं.

फळ्या काढल्या. खड्ड्यात कोळिष्टकं झाली होती. बोर्ड छपरावर टाकला, तिथं गळते. बापाच्या खुणेवर दुकानानं पांढऱ्या रंगानं नंबर टाकला आहे.

गुलाबचंद शेठचा नारळ आला, दरवर्षीसारखा. मी मागाच्या खांबावर फोडाले गेलो तर नत्थूजी म्हणे, जरा सांभाळून गा, लाकडाले लागू देऊ नको, दुकानाचं आहे. उंबऱ्यावर फोडला. त्यानंही खोबरं घेतलं.

पाय खड्ड्यात सोडून बसलो. पायाले सारं आठवते. कुसुम बाजूले बसून सुताच्या कांड्या भरून राहिली होती, माही आई भरायची तशी. मी म्हटलं, कुसुम, रोजचे फक्त पस्तीस नवे पैसे आहे वं. पान सोडलं की निघते.

कोळसा भिंतीजवळ पडला होता. तिनं हिशेब नाही केला.