काचांना फुगायला जागा

११ एप्रिल १९८८
बेलापूरच्या साइटवर चौथ्या मजल्यापर्यंत काचा बसल्या. बाहेरून आरसा, आतून निळसर खाडी. लेप दिलेली परदेशी काच, ऊन बाहेरच परतवते म्हणे. खरंच. आत पंखा नाही तरी घाम नाही. बायकोला, सुलूला, आणून दाखवायचंय.

१६ एप्रिल
दुपारी टक् असा आवाज. दुसऱ्या मजल्यावरची एक काच कडेपासून वर तडकलेली. कुणाचा हातही लागला नव्हता. नामदेव, आमचा जुना फिटर, चीर चाचपत म्हणाला, "साहेब, ही लय तापते. फुगायला जागाच नाय ठेवली आपण."
कडेच्या रबराच्या पट्ट्या कमी पडल्या, तेव्हा इंजिनिअर बर्वेसाहेबांनी काचा पट्ट्यांशिवायच चौकटीत घट्ट बसवायला सांगितल्या. सुपरवायझर मी. "चालेल" मीच म्हणालो.

१९ एप्रिल
आणखी दोन तडकल्या. बर्वेसाहेब : "बदलून टाक. बोभाटा नको, दोन तारखेला उद्घाटन आहे." बाकीच्या काचांचं काय? "नंतर बघू."

२२ एप्रिल
तिसऱ्या मजल्यावरून ताटाएवढा तुकडा सुटला. खाली फुटपाथवर दिवाळे गावच्या हिराबाई मासळी विकतात, थेट त्यांच्या टोपलीत. हातभर अंतराने वाचल्या. म्हटलं, मावशी, इथे बसू नका.
"रस्ता नव्हता तवापासून आमी हितं बसताव. आमाला उठवनारा तू कोन? तुजी काच नीट कर."


२५ एप्रिल
मालकांना पत्र लिहिलं, बर्वेसाहेबांना न सांगता. सगळ्या काचा काढून पुन्हा बसवा, चूक माझीही आहे, असं. सुलूने वाचलं.
"नोकरी जाईल."
"हो."
जरा वेळाने स्वतःच टपालात टाकून आली.

२९ एप्रिल
उत्तर नाही. बर्वेसाहेबांना पत्राचं कळलंय वाटतं, मला टाळतात. नामदेव काम सोडून गेला. जाताना एवढंच, "तुमी पन दुपारचं खाली थांबू नका."

२ मे
उद्घाटन. हार, पेढे. मालक म्हणाले पत्र मिळालं. मग खांद्यावर हात ठेवून, "आत किती गार आहे बघा."
साडेबाराला पाहुणे फोटोसाठी दारासमोर उभे राहिले. वर पाहिलं. दाराच्या बरोब्बर वर, चौथ्या मजल्यावरच्या काचेत बारीक रेघ. सकाळी नव्हती. ओरडलो. सगळे धावत बाजूला झाले. काहीच पडलं नाही. कुणीतरी हसलं. बर्वेसाहेब दंड धरून गेटपर्यंत घेऊन आले, "उद्यापासून येऊ नकोस."
उद्यापासून तिथे ऑफिस सुरू होणार. सगळी माणसं त्याच दाराने आत जाणार.
पाच वाजता रस्त्यापलीकडून पाहिलं. रेघ वीतभर खाली आलीय.