धुक्यातल्या हाका

आई,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे, खोकलाही जवळजवळ गेलाय, तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नकोस. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

इथे धुक्याचे दिवस आलेत. बाजारातल्या दुकानदारांनी बैठक घेऊन सगळ्यांना बजावलं, की थंडीत कान झाका, अंधार पडायच्या आत निघा आणि दुकान बंद केलं तरी बाहेरचा दिवा चालू ठेवा. मी मागच्या बाकावर गप्प बसले होते. नवी शिंपीण, मला कोण विचारतंय!

काल संध्याकाळी दुकान बंद करून निघाले, तर रस्ताच नाहीसा. जणू ढगात चालत होते. भिंत चाचपत जागीच थांबले गं. तेवढ्यात पाववाल्या काकूंचा आवाज आला, इथल्याच भाषेत, आता थोडी कळते मला, "कोण, आपली शिंपीण का? भिंत धरून सरळ ये." पुढे कुलूपवाला ओरडला, "आता डावीकडे, गटार सांभाळ!" दिवे पिंजलेल्या कापसासारखे तरंगत होते आणि त्या हाकांचं बोट धरून मी खोलीपर्यंत पोचले.

दाराशी आले तर मागून काठीची टकटक. शेजारचे घड्याळवाले आजोबा वाट चुकले होते. घाईत माझ्या तोंडून आपलीच भाषा निघाली, "आजोबा, इकडे या! जपून, पायरी आहे!" त्यांना एक शब्द कळला नसेल, पण आवाजाच्या रोखानं ते बरोबर आले आणि माझा हात धरून हसले.

खरं सांगू? इथे आल्यापासून इतक्या मोठ्यानं मी पहिल्यांदाच बोलले.

सगळ्यांना जपणारी तू, स्वतःलाही जप.

तुझी,
धाकटी