पदराखालचा सौदा

मोताळा,
बाजाराचा दुसरा दिवस, दुपार

वडीलधारे गोपालराव यांना वामनचा दोन्ही हात जोडून रामराम.

पाकीट पाहून तुम्ही आधी घाबराल, कारण आजकाल टपालाने फक्त नोटिसा येतात. ही नोटीस नाही. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचा गुडघा, वहिनींचं पित्त आणि ती मारकी म्हैस, तिघांची खुशाली कळवा. (म्हशीचं नाव शेवटी घेतलं आहे, हे वहिनींना मुद्दाम दाखवा.) साखरखेर्ड्याकडे सोयाबीन कसं आहे, तेही लिहा.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. मी अंगणात कुजबुजलो तरी तुमच्या बहिणीला स्वयंपाकघरात ऐकू येतं, आणि तुमचा आवाज तर असा की फोन नसता तरी इथवर पोचला असता. म्हणून कागद. मामला नाजूक आहे आणि तो तुमच्या बहिणीचाच आहे.

माझा धंदा तुम्ही जाणताच. बापाकडून मला एक दोरखंड मिळाला, त्याला बांधायला बैल नव्हता. तिथून निघून आज तालुक्यात कुणाला जोडी विकायची असली की आधी वामनराव दलालाला बोलावतात, इथवर मी आलो तो या दोन कानांच्या जोरावर. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरतो, तेव्हा बाकीचे समोरच्याचं तोंड पाहतात. मी त्याचा श्वास ऐकतो. बोट दाबायच्या आधी विकणाऱ्याने लांब श्वास घेतला, की जनावरात खोड आहे असं समजावं. एक तर ते मारकं असतं, नाही तर औताला जुंपलं की मधेच बसणारं. या हिशोबात मी आजवर फसलो नाही.

तर गोपालराव, अशा माणसाच्या घरात त्याची लग्नाची बायको उत्तर देण्याआधी लांब श्वास घेऊ लागली आहे.

सुरुवात चिखलापासून झाली. मी बाजारातून आलो आणि पुसलेल्या फरशीवर जोड्यांसकट चालत गेलो. (माझी चूक होती, पण ती जुनीच आहे, तिची सवय व्हायला हवी होती.) एरवी अशा वेळी “डोये फुटले का तुमचे?” इथून सुरू होऊन माझ्या आईच्या माहेरापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. त्या दिवशी आशाबाईने डोळे मिटले, नाकाने हवा आत ओढली, सायकलच्या ट्यूबमधून सुटते तशी तोंडाने हळूहळू सोडली आणि बसस्टँडवर गाडी लागल्याची सूचना देतात तशा आवाजात म्हणाली, “मले आता राग आला हाये.” एवढं बोलून ती फडकं आणायला गेली. राग आल्याची कुणी वर्दी देतं का? मी दाराला टेकून उरलेल्या भांडणाची वाट पाहत राहिलो. ते आलंच नाही. जेवणसुद्धा नीट गेलं नाही.

पुढे जेवताना फोन फळीवर पालथे ठेवायचे, असा नियम निघाला. मग आज काय चांगलं घडलं ते प्रत्येकाने सांगायचं. प्रत्येकाने म्हणजे मी आणि तिने, तिसरं आहे कोण? मी म्हणालो, “भाजीत मीठ बरोबर हाय.” ती म्हणाली, “हे कालच सांगतलं तुम्ही. दुसरं सांगा.” मग तिने तिचं सांगितलं. म्हणे, आज तुम्ही हसले ते चांगलं वाटलं. गोपालराव, मी चरकलो. आमच्यात बैल विकायला काढला की आदल्या दिवशी त्याची शिंगं तासतात, त्यांना तेल लावतात आणि त्याच्याशी गोड बोलतात. मी ताटावर बसल्या बसल्या कपाळावरून हात फिरवून पाहिला.

संशय पक्का झाला तो संध्याकाळच्या फिरण्याने. शेजारच्या सुभद्राबाईला घेऊन ती रोज बसस्टँडच्या बाजूने फिरायला जाते. गाय हरवली नाही, दळण आणायचं नाही, मग माणूस कशाला फिरेल? मी अंतर ठेवून मागे गेलो आणि शेंगांच्या गाडीआड उभा राहिलो. (गाडीवाल्याने शेंगा घ्यायला लावल्या, आणि त्या खवट निघाल्या.) तिथे माझ्या कानांनी स्वच्छ ऐकलं. आशाबाई म्हणत होती, “दादासंग बोलणं झालं. ह्यायले अजून सांगतलं नाही.” घरी येऊन पाहतो तर माळ्यावरची प्रवासाची पिशवी धुऊन दोरीवर वाळत होती.

दादा म्हणजे तुम्हीच. तिला दुसरा भाऊ नाही.

आता माझी अवस्था समजून घ्या. बायको भांडून माहेरी गेली तर तिला परत कसं आणावं, हे मला येतं. ती न भांडता जाणार असेल तर? तसली बाई परत येत नाही असं मला वाटू लागलं, आणि झोप उडाली.

तपास लावला तेव्हा कळलं, की हे सगळं आरोग्य केंद्रातल्या धम्मशीलाताई शिकवतात. देऊळघाटची मुलगी आहे, मनावरचा ताण कसा हलका करावा ते बायकांना सांगते. रक्तदाब तपासण्याचं निमित्त काढून मी गेलो. रक्तदाब निमित्ताला धरून वाढलेलाच निघाला. मी आडून आडून विचारलं, आमची आशाबाई इथे काय बोलते? ताई म्हणाल्या, “काका, एकीचं दुसऱ्याले सांगत नसतो.” एवढं घट्ट तोंड पाहून तिला दलालीत घ्यावं असं वाटलं. मग तिनेच मला विचारलं, “बाजारात तुम्ही दिवसभर सगळ्यायवर नजर ठेवता. घरी आल्यावर ते नजर खुंटीले टांगता का?” मी म्हणालो, “खुंटी दाखवा.” ती हसली आणि तिने मला श्वास घ्यायला बसवलं. खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं. बरं वाटलं म्हणूनच जास्त संशय आला.

आणि काल बाजारात घात झाला. जोडी देखणी होती, कामाची, एक खोड नाही. डोंगरखंडाळ्याकडचा गिऱ्हाईक होता. रुमाल टाकला, हात आत गेले, आणि डोक्यात पिशवीचे विचार सुरू झाल्याने माझी छाती धडधडायला लागली. ताईची आठवण झाली. डोळे मिटले आणि चांगला लांब श्वास घेतला. गिऱ्हाइकाने विंचू चावल्यासारखा हात बाहेर काढला आणि ओरडला, “वामनराव श्वास घेऊन राह्यला बे! जोडी बसकी हाय!” ही विद्या मीच हुशारी मिरवत त्या लोकांना सांगून बसलो आहे. अर्ध्या बाजाराने येऊन बैलांचे खांदे चाचपले. जोडी जशी गेली तशी परत आली.

त्या तावात घरी आलो आणि उंबऱ्यातूनच विचारलं, “तू कायमची चालली का?”

तिने श्वास घेतला. मग तिला हसू आलं. “कायमची जायाचं असतं तं पिशवी तुमच्यापुढं वायू घातली असती का?” मी उंबऱ्यातच जोडे काढले. ती म्हणाली, “थकली मी. भांडून नाही थकली. तुमच्या इचारण्यानं थकली. कुठं गेली, कोणासंग बोलली, काऊन हासली. थोडे दिवस दादाकडं बसते. कोणी काही इचारत नाही अशा जागी.” “मंग सरळ काऊन नाही सांगतलं?” तर म्हणे, “ताई म्हणते सरळ सांगा. पण सरळ सांगतलं की तुम्ही त्याच्यात खोड पाहता. आणा हात इकडं.”

गोपालराव, तिने माझा हात धरला आणि वरून पदर टाकला.

मी सवयीने दोन बोटं दाबली. तिने माझा सगळा पंजा धरला. मी तिसरं बोट वाढवलं. पुन्हा पंजा. मी कान लावला, कारण श्वासात सगळं कळतं. तिचा श्वास झोपलेल्या वासरासारखा संथ चालला होता, त्यात मला काहीच सापडलं नाही. हात मात्र तिने सोडला नव्हता, आणि भांडी घासून घासून तो किती खरखरीत झाला आहे, हे मला त्या पदराखाली कळलं. मी चौथ्या बोटापर्यंतही टिकलो नाही. पंजावर सौदा ठरला. पाच दिवस.

तर शुक्रवारच्या गाडीने तुमची बहीण येते आहे. तिला बसू द्या.

तुमचा,
वामन

ता. क. – ती नुसती ओसरीवर बसलेली दिसली तर काय झालं म्हणून विचारू नका. वहिनींनाही सांगा. आणि तिचं तुमच्याशी नेमकं काय बोलणं झालं होतं, ते एका ओळीत... नको, राहू द्या. (खोडलं नाही, कारण खोडलेलं तुम्ही उजेडात धरून वाचाल.)

ता. क. – पत्राचं खरं कारण असं, की रोज संध्याकाळी मला एक फोन करा. विषय काहीही चालेल, म्हशीचाही चालेल. फक्त ती जिथे बसली असेल तिथून करा. ती कुणावर तरी खेकसताना ऐकू आली, की मी निवांत जेवेन.

ता. क. – पाकीट चिकटवून टपालात टाकायला तिच्याच हाती दिलं होतं. तिने वर तुमचं नाव वाचलं, पाकीट हातावर तोललं, लांब श्वास घेतला, आणि काहीच विचारलं नाही. म्हणून परत मागून, फोडून एवढं लिहितो आहे. काऊन विचारलं नसेल हो? पहिल्या फोनवर तेवढं सांगा.