जावईबापू, सोमवारी बारा वाजेपर्यंत

लिदेका बास्केटबॉल क्लबची कचेरी, एझेरुवा
जूनचा शेवटचा शनिवार

सन्माननीय जावईबापू वायदोतासराव यांस,

सासऱ्याचे (म्हणजे माझे, रिमगौदासचे) प्रेमपूर्वक आशीर्वाद, आणि आशीर्वाद नको असतील तर निदान नमस्कार तरी. आठ वर्षं मी तुम्हाला अरे-तुरे करत आलो. भरल्या स्टेडियममध्ये प्रशिक्षकाच्या बाकावरून उठून 'गाढवा, हात वर कर' असंही ओरडलो. पण गेल्या महिनाभरात पुष्कळ विचार केला आणि जावयाला अहो-जाहोच शोभतं अशा निर्णयाला आलो. तेव्हा आजपासून 'तुम्ही'. हसू नये, माझ्या लेकीला, उग्नेलाही हसू देऊ नये.

प्रकृती कशी आहे? मातोश्रींची कंबर काय म्हणते? मधमाश्या यंदा मध देतायत की नुसत्याच चावतायत? सेंट जॉनच्या रात्री शेकोटीवरून उडी मारलीत का, आणि मारली असल्यास कोणत्या पायावर उतरलात? गुडघे कसे आहेत? (गुडघ्यांची चौकशी सहज केली. त्यात हेतू शोधू नये.) या पत्राला तसं काही कारण नाही. कचेरीत पंख्याखाली निवांत बसलो होतो, हातात पेन होतं, म्हटलं जावयाला चार ओळी लिहाव्यात. वर कोपऱ्यात तांबडा डाग आहे तो डासाचा. कचेरीत हल्ली डास फार झालेत.

आमच्याकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे मी जिवंत आहे. तुमच्या सासूबाईंचं, झिविलेचं, म्हणाल तर तुम्ही दोघं घर सोडून मातोश्रींच्या शेतावर राहायला गेलात त्या दिवसापासून तिने चूल पेटवलेली नाही. रोज थंड बीटाचं सूप. सकाळी गुलाबी, दुपारी गुलाबी, संध्याकाळी सकाळचं उरलेलं गुलाबी. त्याबरोबर गरम बटाटे लागतात हे सगळ्या लिथुआनियाला माहीत आहे, पण ती बटाटे देत नाही. बाविसाव्या दिवशी मी धीर करून विचारलं, तर म्हणाली, "बटाटे सोलणारी म्हातारी झाली. तिचा करार संपला. तरुण शोधा एखादी." मी सूप प्यायलो.

मे महिन्यात काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण ते तुमच्या बाजूचं. माझ्या बाजूचंही ऐका. काल्नुवा क्लबकडून आपण उपांत्यपूर्व फेरीत हरलो, तेही बावीस गुणांनी. क्लबचे मालक झेनोनाससाहेब (चीजच्या कारखान्याचे, ज्यांचं चीज आपण सगळे तोंड वाकडं न करता खातो) म्हणाले, संघ तरुण करा. मालकाच्या शब्दापुढे मी कोण? तुम्ही नेमके त्याच दिवशी व्यायामशाळेची किल्ली द्यायला आलात. तुम्ही दाराबाहेर, मी दाराच्या आत, माझ्या कानाला फोन. मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "क्लब आता तरुण मुलांकडे वळतोय," आणि हात पुढे केला. तुम्ही माझ्या हाताकडे पाहिलंत, मग खाली उंबरठ्याकडे, मग माझ्याकडे, आणि हात मिळवलात. बारा वर्षं बास्केटखाली उभे राहणारे क्लबचे सगळ्यात उंच सेंटर, सात वर्षं कर्णधार, आणि निरोप एका हाताचा, तोही फोनवरचा माणूस वाट बघत असताना. आणि उंबरठ्यावरून! उंबरठ्याच्या अलीकडून पलीकडे हात दिला की त्या दोघांत वितुष्ट येतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. तिकिटं विकणाऱ्या प्राने आजींनी आतून ते पाहिलं आणि कॉफीचा कप खाली ठेवून छातीवर क्रूस काढला. मी म्हटलं, असल्या गोष्टींवर आम्ही विश्वास ठेवत नाही. त्याच आठवड्यात माझी गाडी बंद पडली, स्टेडियमचं छप्पर गळायला लागलं आणि माझी मुलगी माझ्याशी बोलेनाशी झाली.

आता पुढच्या हंगामाच्या तयारीबद्दल. (तुम्हाला त्यात रस नसेल, पण विषय निघालाच आहे.) सोमवारी दुपारी बारापर्यंत सह्यांसकट बारा खेळाडूंची यादी लीगकडे गेली नाही तर लिदेकाला खालच्या लीगमध्ये ढकलणार. तिथे शाळांच्या हॉलमध्ये सामने होतात आणि मध्यंतरात मुलांची नाटकं. आपले अकरा झालेत, अकराही गुणी आहेत, फक्त त्यांतल्या सगळ्यात उंच माणसाच्या कानात मी टाचा न उचलता गुपित सांगू शकतो. सेंटर नाही. बाजारात जायची सोय राहिली नाही. स्ट्रॉबेरी विकणारी बाई परवा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "काय हो रिमगौदास, सेंटर मिळाला का? नाही तर आमचं धुराडं घेऊन जा. उंच आहे, आणि जागचं हलतही नाही, तुमच्या आधीच्या दोघांसारखं पळून जायचं नाही."

त्या दोघांपैकी पहिला लाटवियाचा. त्याच्या दलालाने उंची दोनशे अकरा सेंटिमीटर लिहून पाठवली होती आणि चित्रफितीत तो खरोखर डोंगर दिसत होता. (नंतर कळलं, त्यात बाकीचे नऊ जण चौदा वर्षांखालचे होते.) कचेरीच्या चौकटीला उभा केला. ती चौकट तुम्हाला माहीत आहे, बासष्ट सालापासून प्रत्येक खेळाडूची उंची तिच्यावर कोरलेली आहे. बूट आणि केस धरून दोनशे दोन भरला! मी दलालाला फोन केला, तर तो म्हणतो, "साहेब, लाटवियातून निघाला तेव्हा दोनशे अकराच होता." त्याच चौकटीवर नऊ सेंटिमीटर वर तुमची खूण आहे. मालकांनी मे महिन्यात चौकट रंगवायला माणूस पाठवला होता. मी त्याला परत पाठवला, रंगासकट.

दुसरा अमेरिकन, टेरेन्स व्हिटलो. तो मात्र अस्सल. पोलंडमध्ये दोन वर्षं खेळलेला, वागायला सभ्य. करार तयार, पेन तयार, प्राने आजींनी केक कापून ठेवलेला. टॅक्सीतून उतरला, दारात वाकून आत डोकावला आणि हसून हात पुढे केला. उंबरठ्यावरून! पण तोवर मी शहाणा झालो होतो. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्याला वाटलं मला सर्दी असेल. मी मान हलवली आणि त्याच्याकडे जायला बाहेर पडलो. त्याला वाटलं मी आत बोलावतोय, तो त्याच क्षणी आत आला. आता तो आत, मी बाहेर, मध्ये तोच उंबरठा, आणि त्याचा हात पुन्हा पुढे. मी पुन्हा आत, तो पुन्हा बाहेर. असं चार वेळा झालं. आतून प्राने आजी म्हणाल्या, "नाचच करायचा तर रेडिओ लावू का?" शेवटी मी माझ्या इंग्रजीत त्याला स्पष्ट सांगितलं की हात वाईट, हात नको. ज्याचं पोट हातांवर चालतं त्याला हे ऐकवलं मी. त्याने स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, टॅक्सीवाल्याला थांबायची खूण केली, आणि संध्याकाळी काल्नुवा क्लबने त्याचा फोटो टाकला. खोलीच्या अगदी मधोमध उभा राहून हात मिळवतोय, सगळे दात दिसतायत.

तू इथे असतास तर तूच त्याला कोपराला धरून आत घेतलं असतंस. कर्णधार कशाला असतो! पण तुला शेतावर बसून मधमाश्या मोजायच्या असतात. (क्षमा करावी. 'तुम्ही' म्हणायचं होतं.)

त्यानंतर मी अग्निशामक दलाच्या काझिमिएरासला आणला. दोनशे नऊ, मोजून. चेंडू कधी हातात धरलेला नाही, पण बंबाची नळी धरतो, म्हटलं फार फरक नसावा. तो धावतो, उडी मारतो, आज्ञेत आहे. फक्त वेळ संपल्याचा भोंगा वाजला की चेंडू टाकून थेट बंबाकडे पळत सुटतो. काल तिसऱ्यांदा त्याला तलावाच्या रस्त्यावरून परत आणला. हेल्मेट घातलेलं होतं.

मग चर्चमध्ये जाऊन फादरांपुढे सगळं कबूल केलं. आपले फादर कसे आहेत ते तुम्ही जाणता, सामन्याच्या रविवारी प्रवचन चार मिनिटांत आटपतात. त्यांनी जाळीआडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाप माफ करणं माझ्या हातात आहे रे, पण फळीवरून परतलेला चेंडू कोण घेणार? रोज एक माळ जप, आणि सोमवारपर्यंत सेंटर आण." मी विचारलं, कुठून आणू? तर ते म्हणाले, "तुला माहीत आहे कुठून. इथे येऊन देवाचा वेळ घेऊ नकोस." देवाघरीसुद्धा हल्ली असं बोलतात.

असो. तुमचा वेळ घेतला. मातोश्रींना नमस्कार, उग्नेला पापा (तिने पुसून टाकला तरी चालेल), कुत्र्याला हाड. आपल्या मनात आमच्याविषयी लोभ शिल्लक असेल तर तो तसाच राहू द्यावा, नसेल तर नवीन लावून घ्यावा, हंगाम त्याचाच आहे.

तुमचा सासरा,
रिमगौदास

ता. क. पाकिटात चुकून एक करार आला आहे. त्यावर चुकून तुमचं नाव छापलं गेलंय आणि सहीच्या जागी कोणीतरी चुकून पेन्सिलीने मोठी फुली केली आहे. दोन वर्षांचा आहे. तिसरं वर्ष हवं असल्यास मागे जागा आहे.

ता. क. काल्नुवाचा तो केसांना तेल लावणारा मॅनेजर काल बेकरीत दिसला. सगळ्यांत उंच शाकोतिस केक घेत होता, लग्नात ठेवतात तसला, काटेरी झाडाएवढा. मी विचारलं कोणाचं लग्न, तर म्हणाला, "लग्न नाही, सोमवारच्या आधी तुमच्या जावयाला भेटायचंय. आम्हाला दोन सेंटर झाले तर काय बिघडलं?" केक कितीही गोड असला तरी खाऊ नये. त्यात लोणी कमी असतं.

ता. क. आता खरं लिहितो. वर मालकांचं नाव घेतलं ते खोटं. झेनोनाससाहेब काहीच म्हणाले नव्हते. ते तोंड उघडायच्या आतच मी म्हणालो, वायदोतासला सोडू या. सगळं गाव म्हणत होतं की रिमगौदास जावयाला जावई म्हणून ठेवतो, गुडघे गेले तरी ठेवतो. मला ते ऐकवेना. मी निःपक्षपाती आहे हे दाखवायला तुला काढला. मालकच उलट म्हणाले, "पण तोच तर बरा खेळतो." गुडघ्यांचंही मी उगाच म्हटलं. शेवटच्या सामन्यात तू चौदा चेंडू पकडलेस, बाकी सगळ्यांनी मिळून अकरा. मला लाज वाटते, आणि हे लीगसाठी म्हणत नाही. क्लब खाली गेला तरी मला हेच लिहायचं होतं, फक्त मी एवढ्या लवकर लिहिलं नसतं.

ता. क. पत्राच्या डोक्यावर कचेरी लिहिलंय तेही खोटं. दुपारी चारपासून तुमच्या फाटकासमोर गाडीत बसून लिहितोय. डास इथलेच. दारापर्यंत तीनदा आलो आणि तीनदा परत गेलो. तिसऱ्यांदा कुत्रंही भुंकायचं थांबलं, त्याला माझी दया आली असावी. आता चौथ्यांदा आलोय आणि गुडघ्यावर कागद धरून ही शेवटची ओळ लिहितोय. पाकीट दाराखालून सरकवतो. दार उघडलंस तर तिथून हात पुढे करू नकोस, मी घेणार नाही. एक तर तू बाहेर ये, नाही तर मला आत घे. या वेळी मी जागचा हलणार नाही, काय ते पाऊल तू टाक. (आतून बटाट्यांचा वास येतोय, त्यामुळे तर मुळीच हलणार नाही.)