आईची हाक सांगलीत

सांगली, मुलींचं वसतिगृह

आईस,
सयूचा वाकून नमस्कार.

घरातला एकुलता एक मोबाईल तू मला दिलास, म्हणून हे पत्र. मी बरी हाय. मेसमधी भाकरी न्हाई, पण चपातीची सवय झाली. आता कामाला गेलेले अण्णा मुंबईहून तुझ्याशी कसं बोलत्यात?

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. मॅडमनी आमच्या जोड्या लावल्यात. माझ्या जोडीला वर्गातली महेजबीन हाय. मी मोबाईलवर इंग्रजीत बोलून तिला पाठवते, ती ऐकून चुका सांगते. कधी हसत न्हाई.

काल चुकून तिला जुनं रेकॉर्डिंग गेलं. त्यात तू माळावरच्या शेरडांना हाका मारतेस. महेजबीन खोलीत आली आन् इंग्रजीत विचारलं, "ही कोण?" मीबी इंग्रजीतच सांगत सुटले. आपला माळ, शेरडं, त्यातली लंगडी, सगळं. ती म्हणाली, "आज तू एकदाही अडखळली नाहीस."

मग तिनं विचारलं, "हाक मारली की सगळी घरी येतात?"

"शेरडं येतात," एवढंच मी इंग्रजीत सांगितलं; अण्णांचं आन् माझं सांगितलं न्हाई.

लंगडी व्याली का? तुझ्या गुडघ्याला तेल लावतेस ना?

दिवाळीला येते. मला हाक मारायला लागायची न्हाई.

तुझी,
सयू