तांब्यावर चंदेरी रंग

मंगळवार, संध्याकाळ

बोटाचा रंग निघेना. वॉर्डातल्या खाटांचे तांब्याचे कठडे आज चंदेरी ऑइलपेंटनं रंगवले. उद्या गुलबर्ग्याहून तपासणीला साहेब यायलेत आणि काळं पडलेलं तांबं घाण दिसतंय, असं मोठे डॉक्टर म्हणाले. तांब्यावर जंतू मरतात म्हणून तर ते बसवले. काळ्या पडलेल्यावरही मरतात. पण रंगाखाली? हे मी बोलले का? न्हाई. उलट ब्रश आणून दिला.

वॉर्ड पुसणाऱ्या शांताक्कांनीच विचारलं, "सिस्टर, कठड्यावर कपडा वाळू घालू नका, तांबं उघडं राहू द्या, असं तुम्हीच म्हणला होता. आता रंग कामून द्यायलेत?"

"साहेब यायलेत, अक्का."

"मग त्या खाटेवर साहेब झोपणार हायत व्हय?"

मी रॉकेलनं बोट घासत बसले. अजून घासायलेय.

भिंतीवर माझ्याच हातची पाटी आहे, कन्नडमधे आणि मराठीत: हे कठडे तांब्याचे आहेत, यावर जंतू जगत नाहीत. निघताना डॉक्टरांना विचारलं, पाटी तरी काढू का?

"राहू दे सिस्टर. साहेबांना वाचायला बरी."